टाकीतला कर्बवायू आणि कणगीतले धान्य



वार्षिक सभेत उसाचा हप्ता, तोडणीचा क्रम आणि मळीचे भाव यांवर बोलणे होते, आणि ते व्हायलाच पाहिजे. गेल्या सभेत मात्र एका वयस्कर सभासदाने उभे राहून निराळाच प्रश्न विचारला. "डिस्टिलरी बघाय गेलो हुतो. काचेतनं बघितलं तर टाकीत मळी अशी खदखदतीया, की खाली जाळ लावलाय वाटावं. जाळ तर कुठं दिसंना. मग त्ये बुडबुडे कशाचे, आनि जात्यात कुठं?" सभेत थोडे हसू झाले आणि विषय पुढे गेला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून त्याचे उत्तर या अंकात सविस्तर देत आहोत.

बुडबुडे आहेत कार्बन डायऑक्साइडचे. आपण त्याला सोयीसाठी कर्बवायू म्हणू. मळीतली साखर यीस्ट खाते आणि तिचे दोन वाटे करते. हिशेब असा : १८० किलो ग्लुकोज पुरते आंबले तर ९२ किलो मद्यार्क होतो आणि ८८ किलो कर्बवायू. म्हणजे आपण ज्याला डिस्टिलरीचा माल म्हणतो, जवळजवळ त्याच्याइतक्याच वजनाचा दुसरा माल धुराड्याविनाच आकाशात जातो. दिवसाला ६० हजार लिटर मद्यार्क काढणारी डिस्टिलरी धरली तर कागदावर हा आकडा सुमारे ४५ टन येतो. सगळा काही हाती लागत नाही. टाकी सुरू होताना त्यात हवा मिसळलेली असते, धुण्यात काही जातो, गळतीत काही जातो. तरी उरतो तो थोडाथोडका नाही. इथेनॉलमुळे डिस्टिलऱ्या वाढल्या, मोठ्या झाल्या, तसा हा दुसरा मालही वाढला.

हा वायू पकडता येतो का? येतो. राज्यातल्या काही साखर कारखान्यांनी तशी यंत्रे बसवलीही आहेत. पण आज उदाहरण घ्यायचे आहे ते घाटाखालचे, आणि तेही साखरेशी काडीचा संबंध नसलेल्या कारखान्याचे.

आपल्यातले पुष्कळजण खोपोलीवरून पेणला उतरतात, वडखळ नाक्यावर चहा घेतात आणि अलिबागची वाट धरतात. कोणी ताम्हिणीने कोलाडला उतरून रोह्याला जातात. रोह्याला कुंडलिका नदी. भर उन्हाळ्यातही तिला पाणी दिसते ते भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेले, म्हणजे मुळशी धरणाचे, आपल्या घाटमाथ्यावरचेच पाणी. (त्या धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या ते मावळकरी १९२१ साली सत्याग्रहाला बसले, सेनापती बापट त्यांच्या पुढे होते. तो विषय मोठा आहे, इथे नको.) ही कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते आणि मुखाशी, रेवदंड्याच्या समोरच्या काठावर, साळाव लागते. इथे १९९३ साली विक्रम इस्पात या नावाने स्पंज आयर्नचा कारखाना सुरू झाला. हातबदल होत होत २०१४ साली तो जे.एस.डब्ल्यू.कडे आला. याच कंपनीचा मोठा पोलाद कारखाना पेण तालुक्यात डोलवीला आहे.

साळावला लोहखनिजातला प्राणवायू काढून घेण्यासाठी नैसर्गिक वायू वापरतात. या उलाढालीत कर्बवायू तयार होतो, आणि उरलेला वायू परत भट्टीत घालायचा तर आधी हा वेगळा काढावाच लागतो. मग वेगळा काढलाच आहे तर सोडून का द्या? तो शुद्ध करून शीतपेयांच्या आणि खाद्यपदार्थांच्या उद्योगाला देण्याची व्यवस्था तिथे उभी केली आहे, आणि तिची क्षमता रोज १०० टन आहे.

आता तुलना करा. पोलादवाल्याचा वायू मिसळलेला असतो. तो रसायनात शोषवून, पुन्हा तापवून वेगळा करावा लागतो. आपल्या बंद टाकीतून निघणारा वायू ऐन आंबवणाच्या वेळी जवळजवळ निर्भेळ असतो. त्यात असतो थोडा फेस, थोडा मद्यार्क, थोडी वाफ आणि वास. पाण्याने धुतला, कोळशातून गाळला, सुकवला, दाबला आणि थंड केला की पातळ होऊन टाकीत बसतो. धुतलेल्या पाण्यात थोडा मद्यार्क परत मिळतो तो वेगळाच. ज्याच्याजवळ चांगला कच्चा माल आहे त्याने तो उधळावा आणि ज्याला कष्ट पडतात त्याने तो भरून विकावा, हे आम्हाला तरी पटत नाही.

घेऊन करायचे काय, हा पुढचा प्रश्न. शीतपेय आणि आग विझवण्याची नळकांडी सर्वांना ठाऊक आहेत. त्याहून कमी ठाऊक असलेला उपयोग म्हणजे अन्न टिकवणे आणि अन्नातले जंतू व कीड मारणे. आणि तिथे सगळा खेळ दाबाचा आहे.

जत्रेतला गोटी सोडा आठवा. बाटलीत पाणी आणि दाबून भरलेला कर्बवायू, बाकी काही नाही. गोटी आत ढकलली की फस्सकन वर येतो. ही युक्ती जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकाला सुचली ती १७६७ च्या सुमारास, लीड्स गावी. त्याच्या शेजारी बीअरची भट्टी होती. आंबवणाच्या टाकीवर जो जड वायू तरंगत असे, तो त्याने पाण्यात विरघळवून पाहिला. म्हणजे सोडावॉटरचा जन्मसुद्धा डिस्टिलरीच्या भावकीतलाच. वायू पाण्यात विरघळला की पाणी किंचित आंबट होते, जिभेला चुणचुणते. ही आंबटाई जंतूंना मानवत नाही. सोडा सहसा नासत नाही त्याचे हे एक कारण.

सोड्यातला दाब थोडा असतो. तो वाढवत नेला तर काय होते? आपल्या लोकांना दाब समजावून सांगावा लागत नाही, आपले जुने बॉयलर २१ किलोचे होते आणि सहवीजनिर्मितीचे बॉयलर ६७, ८७, ११० किलोचे असतात. (किलो म्हणजे चौरस सेंटीमीटरवर, हे बॉयलरवरच्या मंडळींनी गृहीतच धरले असेल.) कर्बवायूवर सुमारे ७५ किलोंचा दाब पडला आणि उष्णता ३१ अंशांच्या वर असली, तर तो धड वायूही राहत नाही आणि धड पाण्यासारखा द्रवही होत नाही. वायूसारखा बारीकसारीक भेगांत शिरतो आणि द्रवासारखा पदार्थ विरघळवून घेतो. जर्मनीत कुर्ट झोसेल या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात याच अवस्थेतल्या कर्बवायूने कॉफीच्या बियांतले कॅफीन काढून दाखवले. मसाल्यांचे आणि औषधी वनस्पतींचे अर्क आता अशाच रीतीने काढतात. दाब सोडला की वायू उडून जातो, मागे काही राहत नाही. हेच याचे मोठे मोल.

जंतूंचे काय होते? दाबाखाली वायू जंतूच्या कातडीतून आत शिरतो, आतल्या पाण्यात विरघळतो आणि आतूनच आंबटाई करतो. त्याचे पाचक रस बंद पडतात. कातडीतला स्निग्ध भाग सैल होतो. मग दाब एकदम सोडला तर काही जंतू चक्क फुटतात. एकदम दाब सोडून जंतू फोडण्याचा प्रयोग फ्रेझर नावाच्या संशोधकाने १९५१ सालीच प्रसिद्ध केला होता. १९८७ साली जपानी संशोधकांनी दाबलेल्या कर्बवायूने जंतुनाश करता येतो असे सविस्तर दाखवले. त्या सुमारापासून अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात संत्र्याच्या रसावर काम झाले. रस उकळायचा नाही, कोमटच ठेवायचा, १०० ते २०० किलोंच्या दाबाखाली कर्बवायूबरोबर काही मिनिटे न्यायचा आणि सोडायचा. चव ताज्या रसाची राहते, आणि साका खाली बसवणारे पाचक रसही मंदावतात.

हे सारे वाचताना उसाच्या रसाची आठवण कोणाला होणार नाही? रसवंतीतला रस तासा-दोन तासांत काळवंडतो, आंबतो. उकळून टिकवावा तर तो रस राहत नाही, काकवीच्या वाटेला लागतो. म्हणून उसाच्या रसाला ही थंड रीत मानवेल असे वाटणे साहजिक आहे. पण एक अडचण सांगितली पाहिजे. ऊस जमिनीतून येतो. त्याच्या कांडीला माती असते, आणि मातीतल्या काही जंतूंची बीजे इतकी टणक असतात की नुसत्या दाबलेल्या कर्बवायूला दाद देत नाहीत. त्यांना उष्णतेची जोड लागते. तेव्हा असा रस बाटलीत भरला तरी तो बर्फाच्या पेटीतच ठेवावा लागणार, दुकानाच्या फळीवर नाही. आणि हो, शिळ्या उसाला यात काहीही उपाय नाही. तोडल्यावर चार दिवस फडात पडलेला ऊस आधी होता तसाच राहणार, तोडणी कार्यक्रम पाळणे हेच त्याचे औषध.

रसापेक्षा सोपे आणि आजच्या आज उपयोगी पडणारे काम आहे धान्याच्या किडीचे. इथे पुन्हा पेण-रोह्याकडे वळू. हा भाताचा मुलूख. भात, त्याचे पोहे, भात काढल्यावर अंगच्या ओलीवर घेतलेले वाल. पेणचे पोहे मुंबईपर्यंत नाव काढून आहेत. आणि पाऊस असा, की जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरातले मीठसुद्धा पाझरते. तांदळात सोंडे होतात, वालात भुंगे, पोहे कुबट होतात. तिथल्या आयाबाया वाल राखेत घोळून ठेवतात, ऊन सापडले की अंगणात पसरतात. भात शेणाने सारवलेल्या कणगीत भरत. घरापुरते हे चालते. गिरणीवाल्याला आणि व्यापाऱ्याला नाही पुरत. तो अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांच्या धुरीवर अवलंबून असतो. ही धुरी जीवघेणी आहे, प्रशिक्षित माणसाविना ती करायची नाही असा नियम आहे, आणि अनेक ठिकाणी किडीला तिची सवयही होत चालली आहे. दुसरे एक औषध, मिथाइल ब्रोमाइड, ओझोनच्या थराला मारक म्हणून आंतरराष्ट्रीय करारानेच आवरते घ्यावे लागले.

कर्बवायू हे काम दोन रीतींनी करतो. साधी रीत दाबाविनाची आहे. पोत्यांची थप्पी हवाबंद ताडपत्रीत झाकायची, आत निम्म्याहून अधिक हवा काढून तिच्या जागी कर्बवायू भरायचा आणि दहा ते पंधरा दिवस तशीच ठेवायची. अंडी, अळी, किडा सगळे मरते. कापड फाटके असले तर पैसे पाण्यात, हे वेगळे सांगायला नको. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कर्बवायूने धान्यातली कीड मारण्यावर काम केलेले आहे. दुसरी रीत दाबाची. जाड पोलादी टाकीत माल घालून २० ते ३० किलोंपर्यंत दाब द्यायचा. म्हणजे आपल्या जुन्या बॉयलरएवढाच. मग पंधरा दिवसांचे काम काही तासांवर येते. जर्मनीत चहा, औषधी पाला आणि मसाले यांसाठी अशा टाक्या वापरात आल्या. टाकी महाग, म्हणून ती महाग मालालाच परवडते. तांदळाला पहिली रीत, हळद-मसाल्याला दुसरी, असा साधारण ठोकताळा धरावा.

हळदीचा विषय निघाला म्हणून सांगतो, ही विद्या आपल्याला परकी नाही. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल पेवे खणून हळद साठवत आले आहेत. तोंड मातीने लिंपून बंद केले की आतली हळद आणि तिच्यावरचे जीवजंतू आतला प्राणवायू वापरून टाकतात, कर्बवायू साठतो आणि कीड गुदमरते. हळद वर्षानुवर्षे राहते. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा या पेवांचा मान त्यात होताच. २००५ च्या महापुरात कित्येक पेवे पाण्याखाली जाऊन निकामी झाली, हे दुःख सांगलीकर अजून बोलून दाखवतात. कोकणात पेव का नाही, तर तिथे हातभर खणले की पाणी लागते. पेवाची ताकद तिथे न्यायची तर ती टाकीत आणि ताडपत्रीतच न्यावी लागेल.

पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नाही, तासन् तास वाट बघतात. कारण कर्बवायू हवेपेक्षा जड. खड्ड्याच्या तळाशी बसतो, दिसत नाही, आणि विशेष वास नाही. हवेत तो दहा टक्क्यांवर गेला की काही मिनिटांत माणूस बेशुद्ध पडतो. १९८६ साली आफ्रिकेत कॅमेरून देशात न्योस नावाच्या तळ्याच्या तळातून एका रात्री हा वायू उफाळून वर आला आणि दऱ्याखोऱ्यांत पसरला. सुमारे १७०० माणसे झोपेतच गेली, गुरांची गणती निराळी. डिस्टिलरीची टाकी धुताना, जुन्या बंद विहिरीत किंवा मळीच्या हौदात उतरताना हाच धोका असतो. कंदील सोडून बघतात. कंदील विझला तर उतरू नये हे खरे, पण कंदील जळतो आहे म्हणजे हवा निर्धोक असेही नाही. आत पडलेल्याला काढायला दुसरा तसाच धावतो आणि तोही जातो, असे होऊ देऊ नका. पंख्याने हवा खेळवल्याशिवाय, मापक लावल्याशिवाय आणि कमरेला दोर बांधून वर दोघे उभे असल्याशिवाय आपल्या कारखान्यात कोणीही टाकीत उतरायचे नाही. वायू पकडण्याचे यंत्र बसले तर हा नियम दुप्पट कडक पाळावा लागेल, आणि दाबाच्या टाक्यांना नागपूरच्या पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना लागेल तो निराळा.

आता ज्या कामाला ही रीत नाही तेही सांगू, नाहीतर यंत्रे विकणारे येतात आणि एका यंत्रात सगळी भाजीमंडई घालून दाखवतात. पालेभाजीला जबर दाबाचा कर्बवायू चालत नाही. पेशी मोडतात, भाजी मलूल होते, आंबटाईने हिरवा रंग मेंदीसारखा पडतो. मासळीच्या आणि मटणाच्या कापांचा रंग जातो, वरचा थर शिजल्यासारखा दिसतो. अख्ख्या हापूसला नाही, कांद्याला नाही. कांद्यासाठी आणि आंब्यासाठी लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणांचे केंद्र २००२ साली उभे राहिले, त्याची जात वेगळी. आणखी एक : कोरड्या मालातली कीड कर्बवायूने मरते, पण कोरड्या मालावरचे जंतू फारसे मरत नाहीत, कारण वायूला विरघळायला ओल लागते. हा भेद आपल्या हळदवाल्या सभासदांनी नीट लक्षात ठेवावा. २०२० साली युरोपात आपले तीळ आणि २०२४ साली हाँगकाँग व सिंगापूरला काही भारतीय मसाले अडले, ते जंतू मारायला वापरल्या जाणाऱ्या इथिलीन ऑक्साइडच्या अंशामुळे. त्या औषधाची जागा कोरडा कर्बवायू घेऊ शकत नाही. तिथे वाफेचा किंवा किरणांचाच मार्ग. किडीच्या गोळ्यांची जागा मात्र तो घेऊ शकतो.

या सगळ्यातून आपल्या कारखान्याने काय घ्यावे, यावर आमचे मत असे. उसाच्या रसाच्या मोठ्या दाबाच्या यंत्रात आज पैसे घालू नयेत. ते काम आधी एखाद्या संशोधन संस्थेबरोबर लहान प्रमाणावर करून बघावे. वायू धुऊन, पातळ करून साठवण्याचे यंत्र मात्र गंभीरपणे बघावे. खाण्याच्या कामाचा वायू भारतीय मानक ३०७ प्रमाणे उतरला पाहिजे, तसा नसेल तर शीतपेयवाला दारात उभे करणार नाही. भाव इथे छापत नाही, कारण तो गावागावाला आणि महिन्यामहिन्याला बदलतो. मागणी मात्र कशी हलते ते बघितले पाहिजे. शीतपेयांचा वायू मार्च ते मे खपतो. त्या वेळी साळावसारखे मोठे पुरवठेदारही बाजारात असतात. धान्याच्या किडीचा जोर पावसाळ्यात, आणि पेण-रोह्याच्या गिरण्यांना, आपल्याकडच्या गोदामांना आणि हळदीच्या व्यापाऱ्यांना वायू हवा असेल तो तेव्हाच. नेमकी तेव्हा डिस्टिलरी दुरुस्तीला बंद असते. साठवायला पातळ कर्बवायू उणे २० अंशांवर आणि सुमारे २० किलोंच्या दाबाखाली ठेवावा लागतो, म्हणजे आवरण घातलेली टाकी आली आणि ती थंड ठेवण्याची वीज आली. रोज ३०-३५ टन वायू हाती लागला तर १०० टनांची टाकी तीन दिवसांत भरते. चौथ्या दिवशी टँकर दारात नसेल तर वायू परत आकाशातच सोडावा लागेल. म्हणून संचालक मंडळाने कोटेशने मागवताना यंत्राच्या किमतीबरोबर दोनशे किलोमीटरच्या आतल्या गिऱ्हाइकांची यादी आणि त्यांचा महिनावार खप हेही मागवावे, आणि ते कागद पुढच्या वार्षिक सभेच्या अहवालाला जोडावेत.